नऊचा की सहाचा?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की फिनलंडमधल्या तांपेरे शहरातल्या आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी सॉना (घाम काढत बसायची तापवलेली लाकडी खोली) तापतो, आणि विजेच्या कामांची आखणी हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे शेजारीपाजारी भट्टीचे प्रश्न घेऊन माझ्याच दारात येतात. तेवढ्या एका वाक्यावर सात पत्रं आली. भट्टी किती किलोवॉटची घ्यायची, हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांत आहे, म्हणून या वेळचं सदर त्यालाच देते. (पडद्यांचा रंग विचारणाऱ्या बारामतीच्या ताईंनी महिनाभर कळ काढावी.)

एक खुलासा. फिनलंडमधली माणसं ‘साउना’ म्हणतात. आपल्याकडे कुणी सोना बाथ लिहितं, कुणी सौना. मी सॉना लिहिते. आणि हीटरला मी भट्टीच म्हणणार, कारण वरती दगड रचलेली ती वस्तू दिसते भट्टीसारखी आणि वागतेही तशीच.

प्रश्न : ताई, आम्ही गेल्या वर्षी एस्पोला जुनं रो-हाउस घेतलं. आतच सॉना आहे : १.९ मीटर लांब, १.७ रुंद, २.२ उंच. भट्टी ६ किलोवॉटची, भिंतीवर टांगलेली. आधीच्या मालकांनी न्हाणीघराच्या बाजूच्या भिंतीचा तुकडा काढून तिथे १ मीटर रुंद आणि १.९ मीटर उंच काच बसवली. दारही काचेचं, ०.८ बाय १.९. दिसतं फार छान. पण तापायला दीड तास लागतो आणि काटा ६५ अंशांपुढे हलत नाही. दुकानदार म्हणतो, ९ किलोवॉटची घ्या. आमचे हे म्हणतात, खोली सात घनमीटरची आहे, माहितीपत्रकात ६ ची भट्टी ५ ते ८ घनमीटरसाठी आहे असं स्पष्ट छापलंय, दुकानदार आपल्याला गंडवतोय. खरं कोण? — म. कु., एस्पो, फिनलंड

उत्तर : दोघंही खरे. यजमानांनी खोली मोजली आणि दुकानदाराने तुमची काच पाहिली, एवढाच फरक.

माहितीपत्रकातला ‘५ ते ८ घनमीटर’ हा आकडा भिंतीत रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) भरलेल्या, आतून ॲल्युमिनियमचा कागद लावून त्यावर लाकडी पट्ट्या मारलेल्या खोलीसाठी असतो. घनमीटरला साधारण एक किलोवॉट हा ठोकताळाही त्याच खोलीचा. लोकांना वाटतं भट्टी हवा तापवते. तुमच्या खोलीत हवा आहे जेमतेम साडेआठ किलो. नुसती तेवढीच हवा २० वरून ८० अंशांवर न्यायची असती, तर तुमच्या ६ च्या भट्टीने ते काम दीड मिनिटात उरकलं असतं. बाकीचा सगळा वेळ जातो तो दगड, बाकं, भिंती तापवण्यात आणि बाहेर पळणारी उष्णता भरून काढण्यात. खोलीचं घनफळ हे या खर्चाचा अंदाज घेण्याचं सोयीचं माप आहे, इतकंच. भिंत बदलली की अंदाज कोलमडतो.

म्हणून भट्टी बनवणारे एक दुरुस्ती सांगतात. काच, वीट, काँक्रीट, फरशी असा आतून उष्णतारोधक न लावलेला प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभाग म्हणजे १.२ घनमीटर जादा खोली धरायची. तुमची मापं घेऊ. खोली ७.१ घनमीटर. काचेचा तुकडा १.९ चौरस मीटर, दार १.५२, मिळून ३.४२. त्याला १.२ ने गुणलं की ४.१. एकूण ११.२ घनमीटर. म्हणजे सात घनमीटरच्या खोलीत बसून तुम्ही सव्वाअकरा घनमीटरची खोली तापवताय. बाजारात साधारण अशी वाटणी असते : ६ किलोवॉट ५ ते ८ घनमीटरला, ६.८ किलोवॉट ६ ते १० ला, ८ किलोवॉट ७ ते १२ ला, ९ किलोवॉट ८ ते १४ ला. ११.२ हा आकडा ८ च्या टोकाला जातो, ९ च्या मधोमध बसतो. दुकानदाराने गंडवलेलं नाही. जुने मालक काच लावून मोकळे झाले आणि भट्टी तीच ठेवली, खोट तिथे आहे.

पण पैसे मोजण्याआधी एक तपासणी करून घ्या. अशा भट्टीत बहुधा विजेने तापणाऱ्या तीन नळ्या असतात, प्रत्येकी २ किलोवॉटची. एक नळी जळाली तरी भट्टी चालूच राहते, बाहेरून काही कळत नाही, आणि तुम्ही ६ च्या नावाखाली ४ किलोवॉटवर बसता. वायरमनने वीज तोडून नळीचा रोध मोजला तर २३० व्होल्टच्या २ किलोवॉट नळीला साधारण २६ ओहम दिसायला हवेत. एखादीला मीटर काहीच दाखवत नसेल तर ती गेली. त्याच वेळी दगड काढून बघा. वर्षानुवर्षं न बदललेले दगड भुगा होऊन नळ्यांमधल्या फटीत बसतात, हवेला वाट राहत नाही. मी आतापर्यंत पाहिलेल्या ‘तापतच नाही’ अशा तक्रारींपैकी बऱ्याच भट्ट्यांखालच्या जमिनीवर वाळूसारखी चरचर होती.

नळ्या ठीक असतील तर मग ९ ची. आता खरा खर्च बघा, तो भट्टीच्या किमतीच्या चिठ्ठीवर नाही. ६ किलोवॉट तीन फेजवर दर फेजला ८.७ अँपिअर ओढते. तिला १० अँपिअरचे फ्यूज आणि दीड चौरस मिलिमीटरची केबल चालते, आणि जुन्या घरांत तीच घातलेली असते. ९ किलोवॉट म्हणजे दर फेजला १३ अँपिअर. त्याला १६ चे फ्यूज आणि अडीचची केबल लागते. केबल भिंतीतून पाइपातून गेली असेल तर अर्ध्या दिवसाचं काम, नसेल तर भिंत उकरणं आलं. भट्टीपर्यंतचा शेवटचा तुकडा रबराच्या आवरणाचाच हवा. साधं पीव्हीसी त्या उष्णतेने कडक होऊन तडकतं. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं लागतं, आणि रो-हाउस असलं तरी तुमची गृहकंपनी असेल, तिला लेखी कळवा. आपल्याकडच्या सोसायटीसारखीच ती, फक्त चहा न पाजता पत्र मागते.

दुसरा रस्ता : काचेच्या तुकड्याच्या जागी पुन्हा उष्णतारोधक भिंत. मग हिशेब ८.९ घनमीटरवर येतो आणि ६.८ किलोवॉटची भट्टी पुरते. ती ९.८ अँपिअर ओढते, म्हणजे जुन्या १० च्या फ्यूजच्या अगदी काठावर. जुनी केबल चालेल का ते इलेक्ट्रिशियनला बघून सांगू द्या. माझं मत विचाराल तर मी भिंत घातली असती. पण ‘दिसतं फार छान’ हे तुम्ही ज्या प्रेमाने लिहिलंय त्यावरून काच राहणार हे उघड आहे.

आणि दुकानदाराच्या ९ ला ‘हो’ म्हणताना तो उत्साहात ११ ची दाखवायला लागला तर मात्र उठून या. मोठी घेतली की बरी, हे इथे चालत नाही, आणि हे मी पदरमोड करून शिकलेय. २०११ साली आम्ही पहिलं घर घेतलं तेव्हा सॉना होता सव्वापाच घनमीटरचा, चारी बाजूंनी लाकूड, दारही लाकडी. सेलमध्ये ९ ची भट्टी अर्ध्या किमतीत मिळाली. मी इंजिनीअर, मला वाटलं बाजी मारली. पंचवीस मिनिटांत ८५ अंश! शेजारच्या आजोबांना मोठ्या तोऱ्यात बोलावलं. तांपेरे म्हणजे फिनलंडचं मँचेस्टर, आजोबांची हयात कापडगिरणीत गेलेली, बोलणं मोजकं. वरच्या बाकावर बसले, लाकडी बादलीतून एक पळी पाणी घेऊन दगडांवर टाकलं. चांगल्या तापलेल्या दगडावर पाणी पडलं की आवाज जवळजवळ येतच नाही, एक खोल हुंकार, आणि दोन श्वासांनंतर मऊ ऊब मानेवरून उतरते. इथे ‘फुस्स’ झालं आणि भट्टीच्या बुडातून टप टप टप पाणी फरशीवर. आजोबांनी वाकून त्या ओघळाकडे पाहिलं. म्हणाले, “दगड थंड आहेत.” आणखी एक पळीसुद्धा टाकली नाही.

झालं होतं ते असं. थर्मोस्टॅट छताजवळच्या हवेवर डोळा ठेवून असतो. मोठ्या भट्टीने हवा झटक्यात तापवली, थर्मोस्टॅट समाधान पावला, नळ्या बंद. दगड बिचारे मध्येच राहिले. जाळ जास्त झाला की भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते, तसला प्रकार. फिनिश माणूस सॉनात येतो तो त्या पाण्यातून उठणाऱ्या वाफेसाठी. ते तिला ‘ल्योयल्यू’ म्हणतात, आणि ती दगडातून येते, हवेतून नाही. मी ती भट्टी विकून ६ ची आणली. सेलचा फायदा विक्रीत गेला.

नवीन घेताना खरेदीआधी दोन गोष्टी पुस्तिकेत बघा : लाकडापासून किती अंतर सोडायचं आणि किती दगड मावतात. ९ ला ६ पेक्षा जास्त मोकळी जागा लागू शकते आणि तुमचं खालचं बाक आडवं येऊ शकतं. दगडांचं म्हणाल तर भिंतीवरच्या भट्टीत वीस-पंचवीस किलो मावतात, जमिनीवर उभ्या जाळीच्या खांबात ऐंशी-शंभर. खांब तापायला वेळ घेतो पण ऊब जास्त मऊ. घाईच्या माणसाने भिंतीवरची घ्यावी.

प्रश्न : महाबळेश्वरजवळ आमचं जुनं घर आहे. मागे जांभ्याची एक रिकामी खोली आहे, ८ फूट बाय ७ फूट, उंची १० फूट. मुलगा जर्मनीहून आला की त्याला सॉना हवा असतो. सुतार म्हणतो, भिंत तशीच दगडी ठेवू, ‘रस्टिक’ दिसेल, आणि ६ किलोवॉटचा हीटर बसवू. वय ७१, त्यामुळे एकदाच काय ते नीट करायचं आहे. — एक वाचक, महाबळेश्वर

उत्तर : काका, सुताराला आधी चहा द्या आणि मग हे वाचून दाखवा.

तुमची खोली ५६० घनफूट, म्हणजे जवळपास १६ घनमीटर. उष्णता वर जाते. १० फूट उंचीच्या खोलीत वरचे तीन फूट पाल तेवढी मजेत राहील, तुम्ही खाली कुडकुडाल. म्हणून पहिलं काम, छत ७ फुटांवर घ्या. बहुतेक भट्ट्यांना किमान १९०० मिलिमीटर उंची लागते, ७ फूट म्हणजे २१०० च्या वर, त्यामुळे हरकत नाही. आता खोली ११ घनमीटरची झाली.

दुसरं, जांभा. चार भिंतींचं क्षेत्रफळ ७ फुटांपर्यंत २१० चौरस फूट, म्हणजे साडेएकोणीस चौरस मीटर. वर एस्पोच्या ताईंना सांगितलेला १.२ चा हिशेब लावा : २३ घनमीटर जादा! एकूण ३४ च्या पुढे. एका खोलीचं बिल भरून तीन खोल्या तापवायच्या. ६ काय, घरगुती कुठलीच भट्टी तिथे पुरणार नाही. जांभा पाणी पितो हे तुम्हाला मी सांगायला नको. पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पिऊन बसलेली ती भिंत आधी वाळवावी लागेल आणि मग तापवावी.

दगडी दिसणं बाहेरून ठेवा. आतून लाकडी चौकट, तीत ५० मिलिमीटर रॉकवूल, छतात त्याच्या दुप्पट, त्यावर खोलीच्या बाजूने ॲल्युमिनियमचा कागद, सांधे चिकटपट्टीने बंद, मग एक बोटभर पोकळी, मग लाकडी पट्ट्या. कागद खोलीच्याच बाजूला. उलटा लावला तर वाफ रॉकवूलमध्ये शिरते आणि दोन पावसाळ्यांत आत बुरशी. प्लायवुड आत कुठेही नको, त्यातला डिंक त्या उष्णतेत वास मारतो. वार्निशही नको. बाकाला साग वापरायचा मोह होईल. साग जड, जड लाकूड चटका देतं. हलकं, गाठी नसलेलं, राळ न सुटणारं लाकूड बघा, आणि स्क्रू बाकाच्या खालून मारा. वरून मारलेल्या स्क्रूचं डोकं मांडीला कसं लागतं ते एकदा अनुभवलं की माणूस विसरत नाही.

हे सगळं केल्यावर चारी बाजूंनी चार-चार इंच जागा जाईल. उरली ७ फूट ४ इंच बाय ६ फूट ४ इंच बाय ७ फूट, म्हणजे ९.२ घनमीटर. दारात २ बाय ६ फुटांची काच धरली तर आणखी १.३. एकूण साडेदहा. कागदावर ८ किलोवॉट पुरते.

पण काका, तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज किती असतं? हा प्रश्न युरोपातल्या पुस्तिकेत सापडणार नाही. नळीची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते. २३० चे २०० झाले, म्हणजे व्होल्टेज तेरा टक्क्यांनी उतरलं, तर शक्ती जवळपास चोवीस टक्क्यांनी उतरते. ८ ची भट्टी ६ ची होते, ९ ची ६.८ ची. माझं माहेर साताऱ्याचं आहे, सात वाजता ट्यूबलाइट कशी डोळे मिचकावायची ते मला आठवतंय. आता परिस्थिती सुधारली आहे, तरी वायरमनला मीटर घेऊन शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ बसवा, तिन्ही फेज मोजायला सांगा. दुपारी मोजू नका, दुपारी सगळंच छान असतं. २१५ च्या खाली येत असेल तर ९ घ्या. व्होल्टेज चांगलं असलं तरी ९ ची भट्टी साडेदहा घनमीटरला मोठी होत नाही, ८ ते १४ मध्ये ती नीट बसते. त्यामुळे तुमच्या बाबतीत मी डोळे मिटून ९ म्हणते.

थ्री-फेज लागेल. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो बघा. त्यात ९ किलोवॉट आणि घराचं बाकीचं बसत नसेल तर महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज आधी, सुतार नंतर. एका वेळेला दहा ते तेरा युनिटं जातील. बॅटरीच्या इन्व्हर्टरवर हे चालवायचा विचारही नको.

तुमच्याकडे आणखी एक गंमत होणार आहे. मुलगा दिवाळीत येणार, चार महिन्यांच्या पावसानंतर तुम्ही भट्टी सुरू करणार आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, धाडकन पडणार. वायरमन म्हणेल, भट्टी गेली. बहुधा गेलेली नसते. नळीच्या आतली पांढरी पूड बंद काळात दमटपणा ओढून घेते आणि थोडा प्रवाह गळतो. आरसीसीबी काढून टाकणं हा यावर उपाय नाही, ते तुम्ही कुणालाही करू देऊ नका. पावसाळ्यातही दर पंधरा दिवसांनी अर्धा तास भट्टी चालवून नळ्या कोरड्या ठेवा. त्यासाठी आधी खोलीत कुणी टॉवेल वाळत घातलेत का ते बघा. भट्टीवर टॉवेल हे आगीचं सर्वांत जुनं कारण.

हवेची वाट विसरू नका. तासाला सहा वेळा खोलीतली हवा बदलली पाहिजे. थंड हवा भट्टीच्या जवळून आत, आणि समोरच्या कोपऱ्यात खालून बाहेर, हवा बाहेर नेणारा पाइप आत आणणाऱ्याच्या दुप्पट रुंद. थर्मोस्टॅटचा सेन्सर मात्र त्या हवेच्या तोंडापासून मीटरभर लांब. गार वारा अंगावर घेणाऱ्या सेन्सरला खोली कायम थंडच वाटते.

आणि वरचं बाक उंच करा. बसल्यावर पाय भट्टीवरच्या दगडांच्या पातळीला किंवा त्याहून वर यायला हवेत. आपल्याकडे एका रिसॉर्टमध्ये मी खुर्चीच्या उंचीचं बाक पाहिलं. डोकं बरं तापत होतं, पाय फरशीवर गार. भिंतीवर पाटी : ‘दगडांवर पाणी टाकू नये.’ कोपऱ्यात पोहण्याच्या तलावातल्या फुगवायच्या बदकांचा ढीग. बदकं तेवढी कोरडी होती.

प्रश्न : कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. बाथरूममधल्या ५ बाय ४ च्या काचेच्या शॉवरमध्ये ‘सॉना-स्टीम टू-इन-वन’ बसवून देतो असं एक जण म्हणतो. किती किलोवॉट मागू? — र. जो., पुणे

उत्तर : तो जे बसवणार आहे ते स्टीम आहे. फरशी, काच, ४०-४५ अंश आणि शंभर टक्के दमटपणा. त्याचं यंत्र वाफ करतं, त्याचा हिशेब वेगळा, माझं वरचं काहीच त्याला लागू नाही. सॉना म्हणजे लाकडी खोली, ८०-९० अंश आणि दमटपणा दहा-वीस टक्के. काचेच्या शॉवरमध्ये सॉनाची भट्टी ठेवायची नाही, कुणी कितीही सूट दिली तरी.

सॉनाच हवा असेल तर फ्लॅटमध्येही जमतो. एकट्यापुरती ४ बाय ४ फुटांची, साडेसहा फूट उंच लाकडी पेटी म्हणजे २.९ घनमीटर. त्याला ३ किलोवॉट पुरतं, सिंगल फेजवर १३ अँपिअर, एखाद्या मोठ्या गीझरएवढं. प्लगवर नाही, स्वतंत्र सर्किटवर. पेटीचं दार पूर्ण काचेचं मागू नका. एवढ्याशा पेटीला काच परवडत नाही, कशी ते वर मोजून दाखवलंय.

प्रश्न : सासूबाईंना बी.पी. आहे, त्यांना सॉनात बसवू का? — अ. दे., नाशिक

उत्तर : हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मी वायरी मोजते.

प्रश्न : ताई, तुमचं माहेर साताऱ्याचं म्हणून हक्काने विचारतो. सॉनाचे दगड बाहेरून मागवायचे तर फार महाग पडतात. आपला सह्याद्री काळ्या दगडाचाच आहे. वेण्णेच्या पात्रातले गोटे चालतील ना? — स. शि., सातारा

उत्तर : हक्काने विचारलंत, तर हक्काने सांगते : नाही. आणि हे पुस्तकातून सांगत नाहीये.

फिनलंडमध्ये भट्टीत बहुधा ऑलिव्हिन डायबेस किंवा पेरिडोटाइट घालतात. घट्ट, जड, पोकळ्या नसलेले, शेकडो वेळा तापून वर गार पाणी पडलं तरी टिकणारे. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, लाव्ह्यातून झालेला. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी, गुलाबी, हिरवट खनिजं वाढली. पुण्या-जळगावकडचे झिओलाइटचे सुंदर खडे संग्रहालयांत असतात, ते हेच. झिओलाइटच्या रचनेतच पाणी असतं, तापवलं की ते बाहेर येतं. नदीच्या गोट्याला वरून भेगाही दिसत नाहीत, पाण्याने घासून गुळगुळीत केलेला असतो. आत काय आहे ते तापल्यावरच कळतं.

मला कळलं ते असं. २०१६ च्या मे महिन्यात मी साताऱ्याहून येताना आमच्या परसातला एक काळा दगड बॅगेत घालून आणला. तांब्याच्या बंबाशेजारी वर्षानुवर्षं पडलेला होता, आजी त्यावर पाय घासायची. म्हटलं, ज्या दगडाने बंबाची धग खाल्ली तो भट्टीची खाणार नाही का? घासून धुतला, वरच्या थरात ठेवला. पहिला शनिवार ठीक गेला. दुसऱ्या शनिवारी तिसऱ्या पळीला ‘टक्’ असा आवाज आला, लिमलेटच्या गोळीएवढा तुकडा उडाला आणि माझ्या हातातल्या पळीच्या दांड्यावर आदळला. डोळ्यात गेला असता. गार झाल्यावर बघितलं तर चिरलेल्या बाजूला करंगळीच्या नखाएवढी पोकळी, आत पांढऱ्या सुयांचा झुबका. बंबाशेजारची ऊब वेगळी आणि नळीला टेकून सहन करायची धग वेगळी, हे एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

काळा दगडच हवा असेल तर डायबेस म्हणजेच आपल्या भूगर्भवाल्यांचा डोलेराइट, आणि धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून भिंतीसारखे उभे आलेले कातळ त्याचेच आहेत. पण तिथून फोडून आणून वापरा असं मी म्हणणार नाही. प्रत्येक भट्टीच्या पुस्तिकेत कुठला दगड, किती आकाराचा, किती किलो ते लिहिलेलं असतं, आणि दुसरा घातला की हमी संपली. वीस किलोचा खर्च एकदाच आहे. धुवून घ्या, नाहीतर पहिल्या दिवशी धुळीचा वास. मोठे खाली, लहान वर, सैल रचा. नळ्यांच्या मध्ये ठोकून बसवू नका, आणि नळ्या उघड्याही ठेवू नका. वर्षातून एकदा सगळे उपसा, हातात चुरा होणारे फेका, उरलेले पुन्हा रचा.

माझा तो फुटका दगड आता स्वयंपाकघराच्या खिडकीत कोथिंबिरीच्या कुंडीत आहे, पांढऱ्या सुयांची बाजू वर करून. ते गिरणीतले आजोबा चहाला आले की तो हातात घेऊन बघतात आणि परत जागेवर ठेवतात.